एनर्जीप्लस : हवा २६ अंश, तरी माणसांना गरम? (एनर्जी मॉडेलिंग, मदत हवी)

अवकाळी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

मी आर्किटेक्ट. एनर्जी मॉडेलिंग, म्हणजे इमारतीला किती ऊर्जा लागेल त्याचा संगणकावर हिशेब, शिकायला लागून वर्षही झालेलं नाही. सध्या एका तीन मजली वाचनालयाचं मॉडेल हातात आहे. भूमिती ओपनस्टुडिओत काढली, हिशेब करणारं इंजिन एनर्जीप्लस. वरच्या मजल्यावर मोठं वाचन-दालन, त्यावर सपाट काँक्रीटचा स्लॅब, स्लॅबवर पाच सेंटिमीटर इन्सुलेशन. हवामान उष्ण, वर्षातले आठेक महिने कूलिंग लागतं. दालनाचा थर्मोस्टॅट २६ अंशांवर.

वर्षाचा रन झाला. रिपोर्ट म्हणतो, अनमेट अवर्स फक्त ११, म्हणजे थर्मोस्टॅटचं तापमान गाठता आलं नाही असे तास जवळजवळ नाहीतच. मशीन पुरतंय. पण त्याच रनमध्ये मी पीएमव्हीसुद्धा मागवला होता, म्हणजे माणसांना किती गरम-गार वाटेल तो आकडा (शून्य म्हणजे ठीक, अधिक म्हणजे गरम). तो म्हणतो, दालन उघडं असण्याच्या २,७०० तासांपैकी १,७०० तास पीएमव्ही +०.५ च्या वर. माणसांना गरम होतंय.

हवा २६ वर धरून ठेवलीय आणि माणसं घामाघूम? दोन्ही आकडे एकाच फाइलमधून आलेत.

दुसरं म्हणजे तळमजल्याचं कूलिंग फारच कमी दिसतंय, वरच्या मजल्याच्या पाव पट. डोक्यावर छप्पर नाही म्हणून कमी असणार हे कळतं, पण इतकं?

प्रकल्पावरच्या एसीच्या कन्सल्टंटनी आकडे बघून एवढंच म्हटलं, "सॉफ्टवेअर आहे, जे भराल ते ओकेल. मी आपली क्षमता दीडपट धरतो." त्यांना उत्तर द्यायचंय, पण आधी ते मला सापडायला हवं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोनाडा

वाचतोय. माझ्याही मॉडेलमध्ये असंच येतं. मी पीएमव्हीचा कॉलम गुपचूप उडवतो आणि रिपोर्ट पाठवून देतो. :)

शून्यअंश

कोनाड्या, निदान चारचौघांत तरी कबुली देऊ नकोस रे.

अवकाळी, सगळ्यात आधी एरर फाइल उघड. रन शेवटपर्यंत गेला म्हणजे मॉडेल बरोबर, असं नसतं. 'सीव्हियर' एकही शिल्लक राहता कामा नये. 'वॉर्निंग' सोडून देता येतात, पण वाचून मग सोडायच्या. ढीगभर असतात म्हणून कोणी वाचत नाही आणि नेमकी कामाची त्यातच दडलेली असते.

तळमजल्याबद्दल मला दाट संशय आहे. जमिनीचं तापमान भरलंस का? काहीच भरलं नाही तर एनर्जीप्लस बाराही महिने १८ अंश धरतं. म्हणजे २६ अंशांच्या खोलीखाली तू १८ अंशांची लादी अंथरली आहेस, आणि ती वर्षभर उष्णता शोषत बसली आहे. फुकटचा एसी.

अवकाळी

शून्यअंश, नाही भरलं! मला वाटलं हवामानाच्या फाइलमधून आपोआप उचलत असेल.

शून्यअंश

हवामान फाइलच्या माथ्यावर जमिनीची तापमानं लिहिलेली असतात हे खरं, पण ती उघड्या, न बांधलेल्या जमिनीची. इमारतीखालची जमीन वेगळी वागते, कारण वर्षानुवर्षं तिच्या डोक्यावर तुझी खोली बसलेली असते. मोठ्या व्यापारी इमारतीच्या मध्यभागासाठी ढोबळ नियम असा, की आतल्या सरासरीपेक्षा साधारण २ अंश कमी धरायचं. नीट करायचं असेल तर एनर्जीप्लसमध्येच 'कीवा' नावाचं मॉडेल आहे, ते पायाचा आणि आजूबाजूच्या मातीचा हिशेब करतं. सध्या ढोबळ नियमानेच चालव आणि आकडा किती हलतो ते सांग.

झरोका

तळमजल्याचं शून्यअंश यांनी बरोबर पकडलंय. मी वरच्या मजल्याबद्दल लिहितो, कारण तिथे सॉफ्टवेअर खोटं बोलत नाहीये, आणि हे नवख्या माणसाला पटवणं फार कठीण जातं.

थर्मोस्टॅट हवेचं तापमान बघतो. माणूस मात्र नुसती हवा अनुभवत नाही. आपल्या अंगाची उष्णता जवळपास सारख्याच प्रमाणात दोन वाटांनी बाहेर पडते : हवेला, आणि समोर दिसणाऱ्या भिंती, छत, काच यांच्याकडे उत्सर्जनाने. घाम हा तिसरा मार्ग, तो बाकीचे कमी पडले की कामाला लागतो. छत तापलेलं असेल तर दुसरी वाट अर्धी बंद होते. हवा कितीही थंड केली तरी डोक्यावर तवा आहेच.

आकडे घालून बघू. समजा हवा २६, छताची आतली बाजू ३६ आणि बाकीचे पृष्ठभाग सरासरी २८. बसलेल्या माणसाला आजूबाजूच्या एकूण दृश्यापैकी एक तृतीयांश छत दिसतं असं धरलं, तर सरासरी उत्सर्जी तापमान, म्हणजे ज्याला आपण एमआरटी म्हणतो, ते होतं ३०.७ च्या आसपास. हवा संथ असेल तर माणसाला जाणवणारं ऑपरेटिव्ह तापमान हे हवा आणि एमआरटी यांची सरासरी. म्हणजे २८.३. थर्मोस्टॅट खूश, माणूस नाखूश. तुमच्या रिपोर्टमधले दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात ते असे.

तेव्हा एक काम करा. दालनाच्या छताच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान दर तासाला मागवा आणि सगळ्यात तापलेल्या आठवड्यात दुपारी ४ ते ६ मध्ये ते किती जातं ते इथे लिहा.

फ्यूजवायर

मी मॉडेलवाला नाही, इमारती चालवणारा आहे. बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. स्पष्ट बोलतो, राग नसावा. आजवर मी ज्या ज्या इमारतीत मॉडेलचा रिपोर्ट बघितला, तिथलं विजेचं बिल त्याच्याशी एकदाही जुळलेलं नाही. कधी दीडपट, कधी दुप्पट. मग या सगळ्या दशांश चिन्हांचा उपयोग काय?

अवकाळी

झरोका, आकडे काढले. दुपारी पाचच्या सुमाराला छताची आतली बाजू ३६.४!! तुमचं उदाहरण इतकं जवळ कसं गेलं? पण मग इन्सुलेशन करतंय काय?

(फ्यूजवायर, राग अजिबात नाही. तुमचा प्रश्न माझाही आहे.)

झरोका

अंदाज होता, कारण उघड्या स्लॅबचे आकडे असेच असतात आणि तुमचा पीएमव्ही उघड्या स्लॅबसारखा दिसत होता. पाच सेंटिमीटर इन्सुलेशन असलेलं छत ३६ वर जायला नको. रिपोर्टमध्ये एन्व्हलप समरी नावाचा तक्ता असतो. त्यात छताचा यू व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज जाते तो आकडा, बघा. तुमच्या रचनेला ०.५ च्या आसपास यायला हवा.

अवकाळी

१.९ आहे.

...

जाडी ०.००५ भरली आहे. पाच मिलिमीटर. मीटरमध्ये भरायचं होतं, एक शून्य जास्त पडलं. मी आता थोडा वेळ इथे नाही.

कोनाडा

या या, परत या. जाडी मीटरमध्ये आणि ऊर्जा जूलमध्ये, या दोन खड्ड्यांत पडला नाही असा माणूस दाखवा. मी एकदा जूलचे आकडे ३६ लाखांनी भागायचं विसरून क्लायंटला किलोवॉट-तास म्हणून पाठवले होते. त्या हिशेबाने एका बंगल्याला आख्ख्या शहराएवढी वीज लागत होती. क्लायंट काही बोलला नाही हे जास्त भयानक होतं.

पंचकार्ड

हाहा. आमच्या वेळी एक शून्य चुकलं तर दुसऱ्या दिवशी कळायचं, रन रात्रभर चालायचा.

विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. हा सगळा खेळ कुठून सुरू झाला ते माहीत असलं की या सॉफ्टवेअरचे स्वभाव कळतात. भिंतीतून उष्णता उशिरा आत येते, दुपारचं ऊन संध्याकाळी खोलीत पोचतं. हे तासातासाला गणकयंत्रावर बसवण्याची व्यवहार्य रीत १९६७ मध्ये कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या स्टीफन्सन आणि मिटालस यांनी मांडली. तिला रिस्पॉन्स फॅक्टर म्हणतात. एनर्जीप्लस आजही भिंतीसाठी मुळात त्याच घराण्यातली पद्धत वापरतं.

मग अमेरिकेत दोन घराणी झाली. लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेचं ब्लास्ट आणि ऊर्जा खात्याच्या पैशातून लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत वाढलेलं डीओई-२. सरकार एकच, सॉफ्टवेअर दोन! डीओई-२ मध्ये आधी खोल्यांचा भार, मग हवेच्या यंत्रणा, मग प्लांट (चिलर, बॉयलर) अशी ओळीने गणितं व्हायची, आणि पुढच्याने मागच्याला काही सांगायची सोय नव्हती. प्लांट कमी पडला तरी खोलीला पत्ता नाही. १९९६ च्या सुमारास दोन्हींमधलं चांगलं घेऊन नवं लिहायला घेतलं आणि २००१ मध्ये एनर्जीप्लस बाहेर आलं. त्यात खोली, यंत्रणा आणि प्लांट एकत्र सुटतात. म्हणून तर ताईंच्या मॉडेलमध्ये 'मशीन पुरतंय का' आणि 'माणसाला बरं वाटतंय का' हे दोन्ही प्रश्न एकाच रनमध्ये विचारता आले. युरोपात स्ट्रॅथक्लाइडचं ईएसपी-आर, तिकडे विस्कॉन्सिनचं १९७५ पासूनचं ट्रन्सिस, ही वेगळी मंडळी. सौर यंत्रणा, साठवणीच्या टाक्या असलं काही असेल तर ट्रन्सिसवाले अजून कोणाला ऐकत नाहीत.

उगाच_एक

मग नवशिक्याने कोणतं शिकावं? डिझाइनबिल्डर की आयईएस की हनीबी?

शून्यअंश

डिझाइनबिल्डर, ओपनस्टुडिओ आणि हनीबी या तिघांच्या पोटात एनर्जीप्लसच आहे, वरचा पोशाख तेवढा वेगळा. आयईएसचं इंजिन त्यांचं स्वतःचं. ग्रासहॉपर हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येत असेल तर हनीबी, नसेल तर ओपनस्टुडिओ. यावर वेगळा धागा काढ, इथे नको.

झरोका

फ्यूजवायर यांच्या प्रश्नाकडे येतो, तो महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट, सॉफ्टवेअरचं गणित बरोबर आहे का आणि मॉडेल तुमच्या इमारतीसारखं आहे का, हे दोन वेगळे प्रश्न. पहिल्याची परीक्षा घेतलेली आहे. बेस्टेस्ट नावाची चाचणीमाला १९९५ मध्ये जुडकॉफ आणि नायमार्क यांनी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या प्रकल्पात तयार केली, पुढे २००१ मध्ये ती अमेरिकेतल्या हीटिंग-कूलिंग अभियंत्यांच्या संस्थेचं, म्हणजे अ‍ॅश्रेचं स्टँडर्ड १४० झाली. त्यात एक साधं खोकं असतं : ८ मीटर बाय ६ मीटर, उंची २.७, दक्षिणेला १२ चौरस मीटर काच. तेच खोकं, तेच हवामान सगळ्या सॉफ्टवेअरना देतात आणि उत्तरं शेजारी शेजारी मांडतात.

मूळ अहवालात हलक्या बांधणीच्या खोक्याला, म्हणजे केस ६०० ला, वर्षाचं कूलिंग वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी ६.१ ते ८.० मेगावॉट-तास सांगितलं. खोकं तेच, भरलेली माहिती तीच, तरी तळापासून माथ्यापर्यंत तीस टक्क्यांचा फरक. म्हणजे तज्ज्ञांच्या हातातसुद्धा 'एकमेव बरोबर आकडा' नावाची वस्तू नाही. तेव्हा रिपोर्टमध्ये दोन दशांश स्थळं छापणाऱ्याकडे जरा संशयानेच बघा, इथे मी तुमच्या बाजूने आहे.

पण गंमत पुढे आहे. तेच खोकं जड बांधणीचं केलं, केस ९००, की कूलिंग २.१ ते ३.४ वर येतं. हलक्याचं सगळ्यात कमी उत्तर जडाच्या सगळ्यात जास्त उत्तराच्या कितीतरी वर आहे. आकड्यावर सॉफ्टवेअरचं एकमत नाही, 'जड बांधणीने कूलिंग किती तरी घटतं' यावर आहे. (हवामान तिथलं थंड आणि निरभ्र, हीटिंगची मर्यादा २०, कूलिंगची २७. रात्री उकाडा राहणाऱ्या ठिकाणी इतका फायदा मिळणार नाही, हा आकडा उचलून कुठेही चिकटवू नये.)

फ्यूजवायर

म्हणजे भविष्य सांगण्यासाठी नाही, दोन पर्यायांत निवड करण्यासाठी. हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी इतकी भांडणं केली नसती.

पण मग बिल दुप्पट का येतं ते मी सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी बघितलंय. एका ऑफिसच्या इमारतीत मॉडेलने धरलं होतं, संध्याकाळी सातला सगळं बंद. प्रत्यक्षात साफसफाईची माणसं दहापर्यंत, तोवर मजल्याचे सगळे दिवे चालू. एअर हँडलिंग युनिटच्या टायमरला कोणीतरी कधीतरी बायपास मारलेला, त्यामुळे पंखे रात्रभर चालू. ते आम्हाला तीन वर्षं कळलं नव्हतं. तासातासाचा मीटर बसवला तेव्हा रात्री दोन वाजता दिवसाच्या निम्मा भार दिसला. मॉडेलवाल्याने नुसतं विचारलं, "रात्री दोन वाजता आत कोण असतं?" आम्ही सगळे गप्प.

शून्यअंश

हे सोन्यासारखं उदाहरण आहे. मॉडेल तिथे चुकलं नव्हतं, इमारत चुकली होती, आणि फरकानेच ते दाखवून दिलं.

बिलाशी ताडताना आणखी एक लक्षात ठेवा. आपण वापरतो ती हवामान फाइल बहुतेक वेळा 'नमुनेदार वर्षा'ची असते. अनेक वर्षांच्या नोंदींतून जानेवारी एका सालचा, फेब्रुवारी दुसऱ्या सालचा असे बारा ठराविक महिने निवडून शिवलेली गोधडी. तसं वर्ष कधी कोणी जगलेलंच नाही. त्याची गेल्या वर्षीच्या बिलाशी तुलना करायची नाही, त्यासाठी गेल्या वर्षीचंच हवामान लागतं. आणि स्टेशन सहसा विमानतळावर मोकळ्या मैदानात असतं, तुमची इमारत दाटीत.

जुळवणीची मापं हवी असतील तर अ‍ॅश्रेच्या गाइडलाइन १४ मध्ये आहेत. मासिक आकड्यांना एकूण कल ५ टक्क्यांच्या आत आणि चढउताराची चूक १५ टक्क्यांच्या आत, तासाच्या आकड्यांना १० आणि ३० टक्के.

पंचकार्ड

आणि त्या मापांत बसलं म्हणजे जिंकलो असं समजू नका. दोन चुका एकमेकींना झाकतात. हवागळती जास्त धरली आणि दिव्यांचे तास कमी, की बेरीज चोख. मासिक बिलं तर फक्त बारा आकडे, मॉडेलमध्ये फिरवायच्या खुंट्या शेकडो. बारा आकडे जुळवणं ही हुशारी नाही.

अवकाळी

परत आले. तोंड धुऊन.

छताची जाडी सुधारली, जमिनीचं तापमान २४ केलं. यू व्हॅल्यू ०.४९. दुपारचं छत आता २९ च्या आसपास. तळमजल्याचं कूलिंग दुपटीहून जास्त वाढलं, आता डोळ्यांना पटतं.

पण पीएमव्ही +०.५ च्या वर जाणारे तास १,७०० वरून फक्त १,४०० वर आले. अजून काहीतरी बिनसलंय.

झरोका

आता माणसाकडे बघा. आत्तापर्यंत इमारतच तपासली.

पीएमव्ही म्हणजे डेन्मार्कच्या फँगर यांचं १९७० चं मॉडेल. त्याला सहा गोष्टी लागतात. हवेचं तापमान, एमआरटी, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग या चार खोलीच्या, शारीरिक हालचाल आणि कपडे या दोन माणसाच्या. उत्तर उणे ३ ते अधिक ३. ते शून्य आलं तरी शंभरातली पाच माणसं नाराज असणारच असं मॉडेलच सांगतं, आणि ±०.५ ला दहा. सगळे खूश असा बिंदूच नाही, हे ज्यांना थर्मोस्टॅटवरून होणाऱ्या मारामाऱ्या माहीत आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

यातल्या पहिल्या तीन एनर्जीप्लस स्वतः काढतं. उरलेल्या तीन, वारा, हालचाल, कपडे, तुम्ही भरता. शेड्यूल म्हणून. तुम्ही काय भरलंय?

अवकाळी

नमुना फाइलमधून उचललेलं... कपडे १.० क्लो बारा महिने. हालचाल १.२ मेट. वाऱ्याचा वेग ०.१३७.

झरोका

झालं तर मग. १ क्लो म्हणजे साधारण कोट-जाकिटासह पूर्ण पोशाख. भर उन्हाळ्यात तुमचे सगळे वाचक कोट घालून बसलेत. उन्हाळी कपड्यांना ०.५ धरतात. हालचाल १.२ ही ऑफिसात बसून हलकं काम करणाऱ्या माणसाची. शांत बसून वाचणाऱ्याला अ‍ॅश्रेच्या तक्त्यात १.० आहे. १ मेट म्हणजे शरीराच्या दर चौरस मीटरला ५८.२ वॉट, अंगाचं क्षेत्र १.८ चौ.मी. धरलं तर १.२ ला माणशी सव्वाशे वॉट होतात आणि १.० ला एकशेपाच. हा फरक खोलीच्या भारातही जातो, नुसत्या आरामात नाही.

आणि वारा ०.१३७ म्हणजे पंखे नाहीतच. आहेत का?

अवकाळी

आहेत! छताला वीस पंखे आराखड्यात आहेत. मॉडेलमध्ये फक्त त्यांची वीज धरली. वारा धरायचा असतो हे डोक्यातच आलं नाही.

फ्यूजवायर

पंख्याने वीज खाल्ली पण वारा दिला नाही. आमच्याकडे याला कंडेन्सर गेला म्हणतात.

कोनाडा

=)) फ्यूजवायर, हा धागा तुम्ही जिंकलात.

शून्यअंश

एक लक्षात घ्या. एनर्जीप्लस एका झोनची, म्हणजे मॉडेलमधल्या एका खोलीची किंवा भागाची, सगळी हवा नीट ढवळलेली आहे असं मानतं, झोनला एकच तापमान. पंख्याखालचा आणि कोपऱ्यातला असा भेद त्याला माहीत नाही. वाऱ्याचा वेग तुम्ही लिहाल तोच, तेव्हा सरसकट १ मीटर प्रतिसेकंद लिहून मोकळे होऊ नका. पंख्यांच्या मांडणीवरून वाचकाच्या खुर्चीपाशी खरोखर किती पोचेल ते बघा. पश्चिमेच्या खिडकीशेजारी बसणाऱ्याच्या अंगावर थेट ऊन पडतं तेही नेहमीच्या पीएमव्हीत येत नाही. ती जागा वेगळी तपासायला हवी, किंवा तिथे सरळ पुस्तकांचं कपाट ठेवा.

उगाच_एक

एक शंका. एसी नसलेल्या, खिडक्या उघड्या ठेवायच्या इमारतीला पण हेच पीएमव्ही लावायचं का? आमच्याकडे लोक ३० अंशांत सुखाने झोपतात आणि पीएमव्ही म्हणतो सगळे भाजले.

झरोका

नाही लावायचं. चांगला प्रश्न. तिथे अ‍ॅडाप्टिव्ह मॉडेल. डी डिअर आणि ब्रॅगर यांच्या कामावर आधारलेलं, अ‍ॅश्रेच्या ५५ क्रमांकाच्या स्टँडर्डमध्ये आहे. कल्पना साधी : बाहेर जसं असतं तशी माणसाची अपेक्षा आणि कपडे बदलतात. सुखकर तापमान = ०.३१ गुणिले बाहेरची गेल्या काही दिवसांची सरासरी, अधिक १७.८. बाहेर सरासरी ३० असेल तर २७.१. त्याच्या ३.५ अंश खाली-वर ऐंशी टक्के लोकांना चालतं, म्हणजे ३०.६ पर्यंत. पंख्याचा वारा ०.९ मीटर प्रतिसेकंद असेल तर वरची मर्यादा आणखी १.८ ने सरकते. तुमचे ३० अंशांत झोपणारे लोक त्यात सहज बसतात.

अट मात्र अशी, की खोलीत यांत्रिक कूलिंग नको आणि खिडक्या माणसांच्या हातात हव्यात. एसी लावलेल्या दालनाला हे सूत्र लावून ३० ला सेट करायचं, हा लबाडपणा मी दोन रिपोर्टांत पाहिलाय.

पंचकार्ड

मघाशी 'निवड करण्यासाठी मॉडेल' असं ठरलं, त्याला एक पुस्ती जोडतो. लोक म्हणतात, चुका दोन्ही पर्यायांत सारख्याच असतात, तुलनेत कटून जातात. नाही कटत. ताईंचंच बघा. जमीन १८ अंशांवर असताना कोणी तळाच्या फरशीला इन्सुलेशन सुचवलं असतं तर मॉडेल म्हणालं असतं, कूलिंग वाढतंय, नको. फुकटचा एसी झाकला जातोय ना! छताचं इन्सुलेशन पाच मिलिमीटर असताना पांढरा रंग फार मोठा फायदा दाखवणार, नीट इन्सुलेशन केल्यावर त्याच रंगाचा फायदा आक्रसणार. आणि वाचकांना कोट घालून ठेवल्यावर एसी दीडपट धरणारे ते कन्सल्टंट बरोबर वाटणार. चुकीच्या पायावरची तुलना नुसता आकडा चुकवत नाही, चुकीचा पर्याय पहिला आणते.

झरोका

हे शंभर टक्के. पंचकार्ड काकांनी लाखमोलाचं सांगितलं. मी म्हणून नेहमी सांगतो, पर्याय चालवायच्या आधी एक दिवस नुसता मूळ मॉडेलच्या तासाच्या आलेखांकडे बघत बसा. एक तापलेला आठवडा, एक गार आठवडा. छत किती तापतं, सोमवारी सकाळी भार किती उसळतो, रात्री काय राहतं. वर्षाच्या बेरजेत सगळं लपतं.

अवकाळी

आत्ताची स्थिती कळवते.

कपडे : उन्हाळ्यात ०.५, गार महिन्यांत ०.८. हालचाल १.० मेट. एवढ्यानेच १,४०० तास ४५० वर आले. छत किंवा एसीला हातही न लावता!

मग पंखे. मांडणीवरून खुर्चीपाशी ०.६ धरला, तास ९० वर. मग उलटा प्रयोग केला : पंखे चालू ठेवून थर्मोस्टॅट २७.५ केला. तास १८० झाले, पण दालनाचं कूलिंग बऱ्यापैकी घटलं. आता बहुतेक हाच पर्याय पुढे नेणार. पश्चिमेच्या खिडकीशी शून्यअंश म्हणाले तसं कपाट येतंय, ग्रंथपाल बाई त्यावर भलत्याच खूश आहेत.

एसीच्या कन्सल्टंटना छताचा आधीचा आणि नंतरचा तासाचा आलेख शेजारी ठेवून दाखवला. माझी चूक माझ्याच तोंडाने सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे मी म्हटलं ते बरोबरच होतं, भराल ते ओकेल." मग थोड्या वेळाने म्हणाले, दीडपट जरा जास्तच होतं, सव्वापटीवर बघू. सव्वा तरी का, हे मी पुढच्या बैठकीला विचारणार आहे.

सगळ्यांचे मनापासून आभार. झरोका, छताच्या ३६ अंशांसाठी विशेष.

फ्यूजवायर

पुढच्या बैठकीला जाताना एक काम करा. पंखे कोण चालू करणार ते ठरवून जा. तुमच्या मॉडेलमध्ये ते वेळेवर चालू होतात. प्रत्यक्षात बटणं ग्रंथपालांच्या टेबलामागे असतील तर होणार नाहीत.

अवकाळी

बटणं... जिन्याशेजारच्या पॅनलमध्ये आहेत. इलेक्ट्रिकल आराखडा उघडते.

शून्यअंश

उघडतेच आहेस तर अजून एक. वीस पंख्यांच्या मोटरची उष्णता दालनातच सोडली आहेस ना? ३५ वॉटचे धरले तरी ७०० वॉट होतात, सहा-सात वाचक जास्तीचे बसल्यासारखे.

अवकाळी

वीज 'एक्स्टीरियर इक्विपमेंट'मध्ये टाकली होती.

रन लावते.